टोस्टर परत करायला आलेली माणसं

"ह्या मॅडम मुक्या हायत व्हय गं?"

हे मला हेडफोनमधून ऐकू आलं, कुणी कानाच्या आत बसून बोलावं तसं. टेबलावरचा माइक चालू आहे हे त्या दोघींना माहीत नव्हतं. दुसरी दबक्या आवाजात म्हणाली, "गप की. ऐकू जातंय त्यास्नी."

"ऐकू जातंय तर मग बोलाय काय हुतंय?"

मी पार्टिशनच्या मागे पेन्सिल धरून बसले होते. बोलणं मराठीत होतं, त्यामुळे कागदावर कुठलीही खूण करायची नव्हती. तेवढ्यात सरांनी टेबलावरची घंटी वाजवली आणि तोच आवाज एकदम ताठ झाला, इस्त्री केल्यासारखा. "गुड मॉर्निंग सर. आय हॅव अ कंप्लेंट अबाउट धिस टोस्टर."

त्या आवाजाचं नाव रूपाली. तिच्याबद्दल सांगायचंच आहे. पण आधी माझं काम काय होतं ते सांगते, कारण ते काम आता कुठे बघायला मिळणार नाही. नोकरीतले अनुभव निवृत्त झालेली माणसं लिहितात असं मला वाटायचं. मी अजून तिशीला पोचलेली नाही. पण माझं काम माझ्याआधी निवृत्त झालं. माणसाचं इंग्रजी ऐकून त्यातल्या चुका सांगणारं एक अ‍ॅप निघालं आणि सरांनी ते घेतलं. सरांना वाईट वाटलं. मला वाटलं की नाही, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

मी एका इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासमध्ये 'लिसनर' होते. क्लास मूळचा साताऱ्याचा, एक शाखा सांगलीत. विद्यार्थी जोडीजोडीने बसून इंग्रजीत संवाद म्हणायचे आणि मी मागे बसून, हेडफोन लावून, व्याकरणाच्या चुका टिपायची. काळ चुकला की एक खूण, अनेकवचन राहिलं की दुसरी. कोण काय म्हणतंय याच्याशी मला देणंघेणं नव्हतं, कसं म्हणतंय एवढंच ऐकायचं. सांगायला सोपं वाटतं. पण माणूस समोर काहीतरी सांगत असताना ते न ऐकता फक्त त्याची वाक्यं ऐकायची, हे जमायला मला बराच काळ लागला. जमलं तेव्हा मला माझा थोडा अभिमान वाटला होता.

सर माण तालुक्यातले. त्यांचे वडील मुंबईत एका दुकानात कामाला होते आणि सर सुट्टीत तिथे जाऊन गिऱ्हाइकांचं इंग्रजी ऐकत बसायचे. "माणसाची जीभ पहिल्यांदा कुठं अडकती? दुकानात," असं ते प्रत्येक बॅचला सांगायचे. म्हणून त्यांचा सगळ्यात लाडका धडा होता खरेदी आणि ग्राहकांचे हक्क. संवाद त्यांनी स्वतः लिहिलेला. एका बाईंनी टोस्टर घेतलाय, तो पाव एकाच बाजूने जाळतो. बाई बिल घेऊन दुकानात जातात. दुकानदार आधी नाही म्हणतो. मग बाई म्हणतात, ग्राहक म्हणून मला हक्क आहेत. आणि ते हक्क एकामागून एक सांगतात. सुरक्षिततेचा, माहितीचा, निवडीचा, म्हणणं ऐकून घेतलं जाण्याचा. त्यावर दुकानदाराने म्हणायचं, "आय अ‍ॅम एक्स्ट्रीमली सॉरी मॅडम. वुई विल रिप्लेस इट."

आमच्या विद्यार्थ्यांपैकी कुणाच्या घरी टोस्टर असेल असं मला वाटत नाही. तरी पलूस, तासगाव, कोरेगाव, कुठून कुठून आलेल्या माणसांनी माझ्या कानात तो टोस्टर परत केला. आणि प्रत्येक वेळी तो बदलून मिळाला.

सरांचा एक नियम होता. लिसनरने बोलायचं नाही. मध्येच चूक सांगितली की माणूस मिटतो, पुन्हा उघडत नाही, असं त्यांचं म्हणणं. "तुम्ही फक्त कान. तोंड माझ्याकडं राहू द्या." विद्यार्थ्यांची पाठ पार्टिशनकडे असायची. काही जणांना बोलताना आपल्या मागे कुणीतरी ऐकतंय याची इतकी सवय लागायची की मी रजेवर असले की ते अडखळायचे, असं सर सांगायचे.

मला तो नियम सोयीचा होता. माझं सगळं शिक्षण साताऱ्यात इंग्रजी माध्यमात झालं. शाळेत मराठी बोललं की वर्गाबाहेर उभं करायचे. घरी मराठीच, पण घरी आम्ही बोलायचो कमी. या दोन्हींच्या मध्ये मी गप्प राहायला शिकले. दुकानात तर विचारूच नका. दुकानदार "एकोणऐंशी" म्हणाला की माझ्या डोक्यात काही उमटत नाही. एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद, सगळे एकाच घरातले भाऊ वाटतात. मग मी मोठी नोट पुढे करायची आणि तो देईल ती मोड घेऊन निघायची. नंतर तेही बंद केलं. जिथे वस्तू आपली आपण उचलून टोपलीत टाकता येते तिथेच जायचं, नाहीतर मोबाइलवरून मागवायचं. दिवसभर लोकांच्या खरेदीचे संवाद तपासणारी मी, मला स्वतःला कोथिंबिरीची जुडी मागता येत नव्हती.

आठवड्यातले निम्मे दिवस सांगलीत असायची. साताऱ्याहून एसटी, कऱ्हाडला चहा न पिता बसून राहायचं, सांगलीत मुलींच्या वसतिगृहात एक खाट. डबा पार्टिशनच्या मागेच खायची. पलीकडे सगळे एकमेकांचे डबे उघडून खात असायचे. "ठेचा कुनी आनलाय रं? जळलं की त्वांड!" मग हसणं. माइक बंद असला तरी पार्टिशन पातळ होतं.

मला माणसं आवाजाने ओळखू यायची, चेहऱ्याने नाही. एकदा सांगलीच्या बाजारात केळीवाल्याशी कुणीतरी घासाघीस करत होतं आणि मी चालता चालता थांबले. हा आवाज माझ्या ओळखीचा होता. हा माणूस घाबरला की वाक्याच्या शेवटी श्वास घेतो, हे मला ठाऊक होतं. मी वळून बघितलं. टक्कल पडलेला, हातात पिशवी असलेला एक गृहस्थ. त्याने माझ्याकडे बघितलं आणि बाजूला होऊन मला जायला वाट दिली. मी गेले.

काही आवाज मात्र लक्षात राहिले. मिरजेच्या एका हॉस्पिटलमधली नर्स होती. तिला दुकानदार केलं की ठीक. पण गिऱ्हाईक केलं की टोस्टरची तक्रार करता करता तिचा आवाज मऊ व्हायचा आणि ती दुकानदारालाच धीर द्यायची. "डोन्ट वरी. एव्हरीथिंग विल बी ऑलराइट." सर कपाळाला हात लावायचे. "सिस्टर, त्याला काही झालेलं नाही. टोस्टर बिघडलाय."

आणि तासगावचे तात्या. त्यांचं भांड्यांचं दुकान, मुलाकडे सोपवून आलेले. इंग्रजी कशाला शिकताय असं सरांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "नात फोनवर मैत्रिनीसंगं इंग्लिशमदी बोलती. माज्याबद्दल काय बोलती ते कळाय पायजे." सगळे हसले. मी पार्टिशनमागे हसले नाही. मी तशीच नात होते कुणाची तरी.

तात्या पहिल्यांदा दुकानदार झाले तो दिवस मला आठवतो. समोरच्या मुलीने सगळे हक्क घडाघडा म्हटले. तात्या म्हणाले, "सॉरी मॅडम. नो रिप्लेस."

"तात्या, पुढची ओळ म्हणा," सर म्हणाले.

"म्हनलो की. नो रिप्लेस."

"अहो, बदलून द्यायचाय टोस्टर. शीटवर बघा."

"सर, माजा जलम दुकानात गेला. पाव जाळून झाल्याव टोस्टर आनला तर कोन घेतंय? आदी बगनार मी, पाव कुनी जाळला. टोस्टरनं का बाईनं?"

वर्गात हशा पिकला. सरही हसत होते. "तात्या, हा धडा आहे. दुकान न्हवं."

"मग तसं सांगा की. घ्या बाई, घ्या नवा. माज्या बाचं काय जातंय!"

मी त्यांच्या त्या वाक्यांवर खुणा केल्या आणि पान उलटलं. त्यांचं म्हणणं काय होतं, ते माझ्या कामाचं नव्हतं.

आता रूपाली.

ती पलूसकडच्या एका गावातली. नवरा सैन्यात. तिची सगळी हकिगत मला कळली ती घंटी वाजायच्या आधीच्या बोलण्यातून. हेडफोन काढून ठेवता आले असते. मी काढले नाहीत. दिवसभरात माझ्या कानात पडणारं तेवढंच बोलणं टोस्टरचं नसायचं.

रूपालीने सांगलीतल्या एका दुकानातून पिको-फॉलचं मशीन घेतलं होतं, साड्यांच्या किनारी शिवायचं. नवरा पुढच्या सुट्टीवर आला की तिला क्वार्टरवर घेऊन जाणार होता. तिथे पंजाबच्या, दक्षिणेकडच्या बायका. त्यांच्या साड्या, ओढण्या हिने शिवायच्या, असं नवरा-बायकोने फोनवर ठरवलं होतं. इंग्रजी त्याच्यासाठीच. पण मशीन टाके सोडत होतं. जावेच्या बहिणीच्या लग्नातली साडी हिने हौसेने पिकोला घेतली आणि मशीनने किनार चुणून ठेवली.

"मग सासू काय म्हनली?" मैत्रिणीने विचारलं.

"काय म्हनायची? सगळ्या बायांदेखत म्हनली, हिचा हातच तसला. आता रोज घोकती, हात न्हाई तर मशीन कशाला, इकून टाकू. ह्यास्नी बी फोनवर तेच सांगितलंय."

"आनि त्ये?"

"त्ये म्हनले, मी आलो की बघू. तवर ऱ्हातंय व्हय मशीन घरात?"

मग घंटी वाजायची आणि टोस्टर.

सर कधीकधी विद्यार्थ्यांना टोस्टरऐवजी स्वतःची वस्तू घेऊ द्यायचे. रूपालीने मशीन घेतलं. त्या दिवशी तिचं इंग्रजी वेगळंच लागलं. शब्द तेच, पण पाठ केल्यासारखे नाहीत. मशीन टाके सोडतंय, हे ती म्हणाली. मग शीटवर नसलेलं एक वाक्य तिने स्वतः जुळवलं: "ऑन माय नेबर्स मशीन, सेम क्लॉथ, सेम थ्रेड, सेम हँड, इट इज गुड."

"हे शेवटचं काढा," सर म्हणाले. "संवाद लांबतोय. थेट हक्कांवर या."

तिने ते काढलं. पुढच्या वेळी ती थेट हक्कांवर आली आणि समोर बसलेल्या तात्यांनी, आता शहाणे होऊन, सॉरी म्हणून मशीन बदलून दिलं. एकही खूण नसलेला माझा तो बहुतेक पहिला कागद.

क्लास सुटल्यावर ती पार्टिशनला वळसा घालून आली. मी तिला समोरून पहिल्यांदाच बघत होते. आवाजावरून मला ती बुटकी वाटली होती. चांगली उंच होती.

"मॅडम, मी उद्या दुकानात जानार हाय. मशीन घिऊन." ती थांबली. "तुमी येशीला? बोलायचं काय न्हाई. निस्तं मागं हुबं ऱ्हायचं. तुमी मागं असला की माजं चुकत न्हाई."

मी मान हलवली.

"इंग्लिशमदीच बोलनार हाय मी. मराठीत एकदा जाऊन आली, तर म्हनले, बघू, बघू. इंग्लिशमदी म्हनलं की सॉरी म्हनत्यात."

हे ती इतक्या साधेपणाने म्हणाली की तात्यांचं बोलणं मला आठवलंच नाही. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. इतकी वर्षं तो संवाद ऐकून मीही धरून चालले होते की दुकानदार शेवटी सॉरी म्हणतो.

दुसऱ्या दिवशी रिक्षात ती मशीनचं डोकं जुन्या चादरीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसली होती, ताप आलेल्या पोराला दवाखान्यात न्यावं तसं. ओठ हलत होते. मी बाहेर बघितल्यासारखं करत होते, पण ओठांवरून मला कळत होतं ती कुठपर्यंत आलीय ते.

दुकान मोठं होतं. एका भिंतीला शिलाई मशीन ओळीने मांडलेली, पिकोचीही तीन-चार, चालवून बघायला जोडून ठेवलेली. मालक पन्नाशीचे, चष्मा दोरीने गळ्यात. माणूस उर्मट नव्हता. "या वहिनी," म्हणाले. गिऱ्हाइकं होती, कामाची माणसं होती. रूपालीने चादर सोडली, बिल आणि वॉरंटीचं कार्ड काउंटरवर ठेवलं, आणि सुरुवात केली. "गुड मॉर्निंग सर. आय हॅव अ कंप्लेंट अबाउट धिस मशीन."

मी तिच्या मागे उभी होते. हातात पेन्सिल नव्हती तरी बोटं धरल्यासारखी मिटलेली होती.

मालक चष्मा लावून बघत राहिले. "वहिनी, मराठीत बोला की."

ती थांबली नाही. मशीन कधी घेतलं, काय होतंय, मग हक्क. सुरक्षिततेचा, माहितीचा, निवडीचा, म्हणणं ऐकून घेतलं जाण्याचा. आवाज कापत होता, वाक्य एकही नाही. दुकानातली माणसं जवळ आली. शेवटची ओळ म्हणून झाली आणि ती थांबली. आता पुढची ओळ त्यांची होती.

त्यांनी ती म्हटली नाही.

ते हसले, आणि वाईट म्हणजे खूश होऊन हसले. "लय भारी! कुठल्या क्लासला जाता हो?" मग आतल्या माणसांना, "अरे, इकडं या. ऐका जरा. वहिनी, परत एकदा म्हणा. ते हक्काचं परत म्हणा."

आणि रूपालीने परत म्हटलं. तिला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नाही. दुसऱ्या वेळी तिने अजून सावकाश, अजून स्पष्ट म्हटलं. कुणीतरी टाळी वाजवली.

टाळीनंतर तिला कळलं. मला तिची पाठ दिसत होती; खांदे एकदम खाली आले. ती मराठीत म्हणाली, "मशीन टाकं सोडतंय ओ."

"वहिनी, कसंय," मालक समजुतीने म्हणाले, "मशीन तपासूनच दिलेलं असतं. वॉरंटी मोटरला असते, हाताला नसते. नवीन माणसाचा हात बसायला वेळ लागतो. थोडे दिवस घरच्या कापडावर चालवा. हात बसला नाही तर विकून टाका, गिऱ्हाईक मी बघून देतो."

शेजारची एक बाई सहानुभूतीने "व्हय बाई, हात लागतोय त्याला," म्हणाली. जे गावात झालं होतं ते इथेही झालं. रूपाली चादरीची टोकं गोळा करायला लागली. मशीन नीट झाकत होती, घाई न करता. तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं. मदत मागायला नव्हे. ते बघणं संवाद संपल्यावरचं होतं. माझं काही चुकलं का, एवढंच विचारणारं.

काही चुकलं नव्हतं. ते काढून टाकलेलं वाक्य तेवढं मला ऐकू येत होतं. सेम क्लॉथ, सेम थ्रेड, सेम हँड. ते तिने एकदाच म्हटलं होतं आणि या दुकानात ते म्हणू शकणारी मी एकटीच होते, कारण तिला ते काढायला सांगितलं होतं आणि ती सांगितलेलं ऐकणारी होती. आणि तात्यांचंही मला आत्ता ऐकू आलं. आदी बगनार मी, कुनी जाळला.

मशीनचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. कंपनीचा माणूस आला, त्याने मशीनमध्ये दोष असल्याचं मान्य केलं आणि ते बदलून मिळालं. रूपाली आता क्वार्टरवर असते. कधीकधी आवाजातला निरोप पाठवते, मागे तिचं मशीन चालत असतं. मी तो निरोप हेडफोन लावून ऐकते. उत्तर बहुतेक वेळा लिहूनच पाठवते. माणूस काही एका दिवसात बदलत नाही. कोथिंबीर मात्र आता मागून घेते.

पण त्या दिवशी त्या दुकानात हे काहीच ठरलेलं नव्हतं. मालकांनी चष्मा काढला आणि रूपालीच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं.

"आणि या कोण? तुमच्या मॅडम का? तुम्ही तरी समजावा यांना."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दोन भाषांपैकी एकीतलाही शब्द सापडेना.

"त्या बोलत न्हाईत," रूपाली म्हणाली. माझी बाजू सावरत होती ती.

मी काउंटरपर्यंत गेले. तिच्या मागे नाही, शेजारी उभी राहिले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, आणि नको इतका मोठा.

"बोलते मी," म्हणाले. "त्या भिंतीजवळच्या मशीनवर यांना बसवा. कापड तेच, दोरा तोच. आधी यांचा हात बघा."